चौथी पाचर

आरसेमास्तरांचं खरं नाव वीजबिलावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. गल्ली त्यांना आरसेमास्तर म्हणायची, कारण त्यांनी पॉलिश केलेल्या जेवणाच्या टेबलावर वाकून एका गिऱ्हाइकानं खरोखर भांग पाडला होता. ही तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर आता भांग पाडण्याजोगं काही उरलं नाही, पण टेबल अजून तसंच आहे, असं मास्तर कुणी न विचारता सांगत.

त्यांचा कारखाना म्हणजे सुतार वडिलांनी मागे ठेवलेली पत्र्याची शेड. तिच्या मधोमध प्लायवूडची भिंत होती. डाव्या अंगाला मास्तर, उजव्या अंगाला त्यांच्या धाकट्या भावाची बायको. तिला सगळे धाकटीच म्हणत. मास्तर तिला काहीच म्हणत नसत. तीन वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते, आणि इतक्या चिकाटीनं दोघांनी मिळून दुसरं कुठलंही काम केलं नव्हतं.

भांडण धुळीवरून झालं होतं. मास्तर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या पुरचुंडीनं लाकडाला हात देत. एक हात, वाळवण, दुसरा हात. अकरा-बारा हात झाले की लाकडाच्या आतून उजेड यायला लागतो. या कामाला हवा स्थिर लागते. शिंक आली तरी मास्तर रस्त्यावर जाऊन शिंकत. धाकटीचं काम नेमकं उलट. ती जुनं स्टूल, जुनी खुर्ची, जुनं टेबल आणायची, त्याला खडूसारखा कोरडा निळा नाहीतर दुधाळ पांढरा रंग फासायची, आणि रंग वाळला की पॉलिश पेपर घेऊन तोच रंग कडेकडेनं खरवडून काढायची. मग साखळीनं बडवायची. मग दाभणानं भोकं पाडायची, म्हणजे किडे लागून गेल्यासारखं दिसतं. याला ती ‘कंट्री लुक’ म्हणायची. मास्तर ‘गावठी’ म्हणायचे. ज्यांचे आजोबा असल्याच फर्निचरला कंटाळून गाव सोडून आले होते, ते नातू मोटारीतून येऊन हौसेनं ते घेऊन जायचे.

एका दुपारी मास्तरांच्या अकराव्या हाताला आलेल्या टेबलावर तिच्या घासकामाची धूळ बसली. टेबल पिठात लोळवल्यासारखं दिसायला लागलं.

मास्तर म्हणाले, “याला काम म्हणत नाहीत. लाकडाचा छळ म्हणतात.”

धाकटी म्हणाली, “तुमच्या टेबलावर लोकांना जेवायची भीती वाटते, भाऊजी. माझ्या टेबलावर निदान भाजी सांडता येते.”

दुसऱ्या दिवशी प्लायवूड आलं. भिंत पत्र्यापर्यंत पोचली नाही, वर दोन हात जागा मोकळी राहिली, त्यामुळे धूळ पूर्वीसारखीच येत राहिली. बोलणं तेवढं थांबलं. शेडच्या मोठ्या दाराला दोन फळ्या होत्या आणि भिंतीचं टोक नेमकं दोन्हींच्या मध्ये आलं होतं, म्हणून एक फळी मास्तरांची झाली, एक धाकटीची. धाकटा भाऊ नोकरदार माणूस. घरी तो बायकोचं ऐकायचा आणि शेडमध्ये भावाचं. तेव्हा त्यानं शेडमध्ये येणंच सोडलं.

निरोप न्यायचं काम थोरलीकडे, म्हणजे मास्तरांच्या बायकोकडे आलं. भिंत जिथं संपते तिथं, उंबऱ्यावर स्टूल टाकून ती खुर्च्यांना वेत विणत बसायची. दोन्ही बाजू तिला दिसत. ऐकू तर सगळ्यांनाच सगळं येई, पण थोरलीच्या तोंडून गेल्याशिवाय निरोप पोचला असं कुणी धरत नसे.

“जाऊबाई,” धाकटी त्या सोमवारी म्हणाली, “त्यांना सांगा, सासूबाईंचं कपाट मी रंगवायला घेतेय. गुरुवारी गिऱ्हाईक न्यायला येणार आहे.”

पलीकडे मास्तरांचा हात थांबला. पॉलिशचा हात मधेच थांबला की तिथं डाग पडतो, हे ते चाळीस वर्षं लोकांना शिकवत आले होते. डाग पडला.

ते कपाट वडिलांनी केलं होतं आणि पॉलिश मास्तरांनी. वय एकोणीस, आयुष्यातलं पहिलं काम. सतरा दिवस लागले होते. अठराव्या दिवशी वडिलांनी कपाटाभोवती एक फेरी मारली, दारावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ठीक.” वडिलांनी कुणाच्याही कामाला काही म्हटल्याचा हा एकमेव प्रसंग. मास्तरांनी तो एक शब्द पुढची चाळीस वर्षं पुरवून पुरवून वापरला होता. आई गेल्यावर भावाभावांत चिठ्ठ्या टाकल्या. मास्तरांना शिवणयंत्र निघालं, धाकट्याला कपाट. धाकट्याच्या दोन खोल्यांत कपाट मावेना, म्हणून ते शेडमध्ये आलं, मग मध्ये भिंत आली, आणि कपाट भिंतीच्या पलीकडे राहिलं. ‘मला हे दे’ असं मास्तर तेव्हाही म्हणाले नव्हते. तसं म्हणायला तोंड उघडावं लागतं.

“अहो, ऐकलंत का?” थोरली म्हणाली.

“मी बहिरा नाही.”

“कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा म्हणावं,” पलीकडून धाकटीचा आवाज आला. “डबा फोडला की परत मिळणार नाही.”

“कुणाची हरकत असेल तर—”

“ऐकलं मी. हरकत कसली? चिठ्ठीत निघालंय त्यांना. जाळा म्हणावं.”

थोरलीनं वेत दातात धरला होता, तो काढला. “अहो, हरकत आहे म्हणा की. सहाच अक्षरं आहेत.”

“नाही म्हणतोय ना.”

“हरकत नाही म्हणतायत गं,” थोरलीनं पलीकडे सांगितलं. “चेहरा मात्र आहे म्हणतोय.”

“चेहऱ्याचा निरोप मी घेत नाही,” धाकटी म्हणाली.

मास्तरांना ते कपाट हवं होतं. त्याहून जास्त त्यांना ते न मागता हवं होतं. आणि धाकटीला रंगवू द्यायचं म्हणजे त्यांचे सतरा दिवस तिच्या निळ्या डब्याखाली जाणार. हिच्या कामात तयारी नावाची गोष्टच नव्हती. जुनं पॉलिश घासून काढायलाही नको, थेट वरून फासा, असं डब्यावरच छापलेलं असायचं. ज्या डब्यावर आळशीपणाची कृती छापलेली असते त्यावर मास्तरांचा विश्वास नव्हता.

उपाय त्यांना तिच्याच कामात सापडला. रंग लावण्याआधी धाकटी कडांवर, मुठीभोवती मेणबत्ती घासायची. मेणावर रंग धरत नाही. मग पॉलिश पेपर लावला की तेवढाच भाग सुटतो आणि वर्षानुवर्षं हात लागून झिजल्यासारखा दिसतो. मास्तरांनी विचार केला, कडांवर मेण लावलं तर कडा सुटतात. सगळ्या कपाटाला लावलं तर?

मंगळवारी दुपारी धाकटी ब्रश आणायला बाजारात गेली. मास्तर आपल्या टेबलाच्या खणातून मेणबत्त्या काढून उठले.

“लाइट आहेत की,” थोरली म्हणाली.

“माहीत आहे.”

“दुपारचे दोन वाजलेत.”

“घड्याळ मलाही कळतं.”

थोरलीनं स्टूल जरासं सरकवून वाट दिली आणि वेत विणत राहिली. निरोप नव्हता, तेव्हा तो कुणाला पोचवायचा प्रश्न नव्हता.

मास्तर तीन वर्षांत पहिल्यांदा भिंतीच्या त्या बाजूला गेले. कपाटात तिनं रंगाचे डबे ठेवले होते. आईच्या साड्यांच्या खणात निळा, कागदपत्रांच्या खणात पांढरा. त्यांनी दार मिटून घेतलं. मग हलक्या हातानं, रेषेच्या दिशेनं, एक इंच न सोडता त्यांनी सगळ्या कपाटाला मेण चोळलं. सहा मेणबत्त्या लागल्या. काम कसंही उरकायची सवय नसल्यामुळे मेणसुद्धा त्यांनी असं एकसारखं लावलं, की बघणाऱ्याला वाटावं कपाट नुसतं पुसलंय. तळाला, जिथं कुणी बघत नाही, तिथंही लावलं. शत्रूचं काम बिघडवतानाही त्यांना अर्धवट काम जमलं नाही.

बुधवारी धाकटीनं दोन हात रंग लावला. मास्तर अलीकडे ब्रशचा आवाज ऐकत बसले. ओला रंग मेणावर कसाबसा बसतो, वाळेपर्यंत बोभाटा करत नाही. संध्याकाळी धाकटी स्वतःशीच गुणगुणली. मास्तरांना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

गुरुवारी सकाळी तिनं पॉलिश पेपर घेतला. पहिल्याच हाताला खरखर थांबली आणि सुर्र असा आवाज आला. मास्तरांनी तो बरोबर ओळखला. रंगाचा पापुद्रा तळहाताएवढा सुटून खाली पडला होता. मग आणखी एक. मग आवाजच नाही. मास्तरांच्या मनात सगळं ठरलं होतं. रंग गळणार, गिऱ्हाईक तोंड वाकडं करून परत जाणार, धाकटी शरमेनं कपाट कोपऱ्यात ढकलणार, आणि मग एखाद्या दिवशी थोरलीच्या तोंडून निरोप येईल, की घेऊन जा हे तुमचं.

पण गिऱ्हाईक लवकर आलं. शेतातल्या घरात पाहुण्यांना पैसे घेऊन राहायला देणारी बाई. शेडच्या अंधारातही गॉगल डोक्यावर चढवलेला. आल्या आल्या ती कपाटासमोर उभी राहिली, आणि इतका वेळ गप्प राहिली की मास्तरांनी भिंतीला कान लावला.

“हे कसं केलंत?” गॉगलवाली म्हणाली. “बाकीच्यांचं कडेकडेनं निघतं. सगळीकडे तेच. हे तर शंभर वर्षांत आपोआप निघाल्यासारखं वाटतंय.”

“बरीच मेहनत आहे,” धाकटी जपून म्हणाली.

“आणि खालून हे काय चमकतंय? मध्येच निळा, आणि त्यातून असं… मला माझा चेहरा दिसतोय यात.”

मास्तरांचा कान भिंतीला चिकटला. मेणाखाली त्यांच्या सतरा दिवसांना ओरखडा गेला नव्हता.

“ते जुनं पॉलिश आहे,” धाकटी म्हणाली.

“कुणी केलं होतं?”

पायाखाली रंगाचे पापुद्रे मोडल्याचा आवाज आला. मग काहीतरी गोल, हलकं, लाकडावर ठेवल्याचा. बहुधा मेणबत्तीचं बुडखं. ते मास्तर कपाटाच्या पायाशी विसरले होते.

“आमचे थोरले भाऊजी,” धाकटी म्हणाली, शांतपणे आणि जरा मोठ्यानं. “वारले.”

“अरेरे. कधी?”

“तीन वर्षं झाली.”

उंबऱ्यावर थोरलीचा वेत हातातून सुटला.

“म्हणजे असं काम आता होणारच नाही,” गॉगलवाली हळहळली, आणि हळहळता हळहळता हमालांना हाक मारली. माणूस मेलाय म्हटल्यावर वस्तू लगेच न्यावीशी वाटते.

हमाल दोन होते. त्यांनी कपाट दारापर्यंत आणलं आणि कपाट दारात थांबलं. फळी एकच, कपाट त्याहून हातभर रुंद. आडवं करून बघितलं, तिरकं करून बघितलं. दुसरी फळी उघडून फायदा नव्हता, मध्ये भिंतीचं टोक उभं.

“कपाटाचं छप्पर काढू,” एक हमाल म्हणाला. “खिळ्यांवरच असणार. पहार आण रे.”

त्या कपाटात एकही खिळा नव्हता. सांधे एकमेकांतून आरपार गेलेले, आणि पाठीमागून चार पाचरींनी आवळलेले. पाचरी ठोकून काढल्या की सगळं कपाट पत्त्यांसारखं सुटतं. हे वडिलांना माहीत होतं आणि मास्तरांना. गप्प बसलं असतं तर कपाट या दारातून जाणार नव्हतं. निदान अख्खं जाणार नव्हतं.

पहारेचा पहिला ठोका पडला. लाकूड कुरकुरलं. दुसरा पडायच्या आत मास्तर उंबरा ओलांडून पलीकडे उभे होते. लाखेनं तपकिरी झालेली बोटं, हातात लाकडी हातोडी.

“हात लावू नका,” ते म्हणाले.

गॉगलवालीनं त्यांच्याकडे बघितलं, मग धाकटीकडे. “हे कोण?”

धाकटीनं डोळ्याची पापणी हलू दिली नाही. “त्यांचे भाऊ. वारले ना, त्यांचे.”

“तरीच. दिसायला तसेच असतील ते.”

“तो जरा बरा होता,” मास्तर म्हणाले आणि कपाटामागे गेले.

“माणूस कसा होता हो?” गॉगलवालीला पाहुण्यांना सांगायला गोष्ट हवी होती.

“हट्टी,” धाकटी म्हणाली. “तोंड उघडायचे नाहीत. हवं ते मागायचे नाहीत आणि मिळालं नाही की जगाला दोष.”

“त्याला शेजार वाईट मिळाला,” कपाटामागून आवाज आला. “पॉलिशच्या ओल्या हातावर धूळ उडवणारा. त्यानंच गेला.”

“शेवटी शेवटी डोक्यावर परिणाम झाला होता,” धाकटी म्हणाली. “भर दुपारी मेणबत्त्या घेऊन फिरायचे.”

“किती वाईट,” गॉगलवाली म्हणाली.

“हो ना. पुडेच्या पुडे.”

कपाटामागे हातोडी एकदा जोरात वाजली. मग पुन्हा हलकी. मास्तरांनी एकेक पाचर काढली. प्रत्येकीवर वडिलांनी पटाशीनं खुणा केल्या होत्या. पहिलीवर एक खाच, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन, चौथीवर चार. ज्या भोकाची पाचर त्याच भोकात बसते, दुसरीकडे बसत नाही. फळ्या सुट्या झाल्या तसं ते हमालांना बजावत गेले. ही उभी धरा, ही पालथी टाकू नका, मध्ये पोतं घाला. दार उचलताना त्यांनी अंगठा एकदा त्याच्यावरून फिरवला. निळ्यात पडलेल्या एका फटीतून त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. मेलेल्या माणसाच्या मानानं ठीक होता.

पाचरी त्यांनी फडक्यात बांधून गॉगलवालीच्या हातात दिल्या आणि कुठली कुठं ठोकायची ते दोनदा सांगितलं. फडक्यात तीन होत्या. चौथी त्यांच्या खिशात होती. ती तिथं कशी गेली हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

टेम्पो गेला. धाकटी जमिनीवरचे पापुद्रे झाडत राहिली. मास्तर आपल्या बाजूला गेले. दोघांचं दिवसभरातलं सगळं बोलणं गॉगलवालीशी झालं होतं, त्यामुळे अबोला मोडला असं कुणालाच म्हणता आलं नसतं.

शुक्रवार आणि शनिवार मास्तरांनी दुसरं काम घेतलं नाही. टेबलाशी बसून ते पाचरेला पॉलिश करत होते. वीतभर लाकूड, जे कपाटाच्या पाठीमागे भिंतीकडे तोंड करून राहणार, ज्याला वडिलांनीसुद्धा रंधा मारून सोडून दिलं होतं. मास्तरांनी तिला सात हात दिले. थोरली येता-जाता बघायची.

रविवारी सकाळी त्यांच्या उंबऱ्यावर मेणबत्त्यांचा पुडा ठेवलेला दिसला. बारा नगांचा. सोबत थोरली.

“धाकटी म्हणतेय, त्या बाईला तसलीच आणखी सहा कपाटं हवीत. मेणबत्त्या ठेवल्यात. हात तुमचाच पाहिजे म्हणते, तिच्या हातानं तितकं एकसारखं लागत नाही.”

मास्तरांनी पुडा पायानं बाजूला सारला. “सांग, मेलेला माणूस काम घेत नाही.”

“आणि म्हणतेय, कपाट तिकडे डुगडुगतंय. डाव्या अंगाला कलतंय, दार आपोआप उघडतं. एक पाचर कमी आहे. बाईनं तिथल्या सुताराला बोलावलंय. तो म्हणतोय, तिथं सरळ दोन मोठे खिळे मारतो.”

भिंतीपलीकडे झाडू थांबला. आणि मग थोरलीला वगळून, तीन वर्षांनी, आवाज थेट आला.

“मेलेल्या माणसाला पाचर तरी कशाला लागते, भाऊजी?”

उत्तरं पुष्कळ होती. त्यातली चार-पाच तर मास्तरांनी तीन वर्षं घासून-पुसून तयार ठेवली होती. पण दोन खिळे त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेनात. वडिलांच्या सांध्यात, कुणा गावच्या सुतारानं मारलेले, डोकी वर आलेले.

त्यांनी पाचर उजेडात धरली. सातवा हात अजून पुरता वाळला नव्हता. मग ती भिंतीवरच्या मोकळ्या जागेतून पलीकडे फेकली.

पडल्याचा आवाज लाकडासारखा आला नाही. दाट, डबक असा आला. डबा उघडा होता. बहुधा निळा.

थोरलीनं मान तिरपी करून पलीकडे बघितलं आणि परत वेताकडे बघायला लागली. मग धाकटी काहीतरी फडक्यानं पुसत असल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर पॉलिश पेपरचा. रंगाचा थर चढलेली पाचर भोकात जाणार नाही, एवढं तिला कळत होतं. ती थर काढत होती, बेतानं, एरवीपेक्षा पुष्कळच हलक्या हातानं.

मास्तर ऐकत राहिले. चार-पाच हात ऐकले आणि त्यांचा जबडा आवळला. ती आडवं घासत होती, रेषेच्या विरुद्ध. असं घासलं तर पॉलिश तर जाईलच, लाकडालाही चरे पडतील.

“अगं,” ते बायकोला म्हणाले, “तिला सांग, रेषेतनं घास म्हणावं. उभं.”

थोरलीनं वेताचं टोक खेचून गाठ मारली. मान वर केली नाही.

“मी कशी सांगू?” ती म्हणाली. “तुम्ही मेलायत ना?”